नावेतलं पाणी काढायचं आहे, पण भोक कुठे पाडायचं?

रावेर तालुक्यातल्या एका भाऊंचा प्रश्न आहे. त्यांनी १४ फुटी फायबरची जुनी नाव घेतली. हतनूरच्या जलाशयात जाळी टाकायची आणि हिवाळ्यात पक्षी बघायला येणाऱ्यांना फिरवून आणायचं, असा बेत आहे. नावेत पाय ठेवायला सपाट फरशी आहे आणि फरशीखाली पोकळी आहे. रात्री पाऊस झाला की सकाळी आत घोट्याएवढं पाणी असतं. ते उपसून काढलं तरी नाव मागून जडच वाटते. एकाने सांगितलं, फरशीला भोकं पाडा, पाणी खाली जाईल. दुसरा म्हणाला, मागच्या भिंतीतून पाइप बाहेर काढा, पाणी आपोआप वाहून जाईल. तिसऱ्याने पंप घ्यायला सांगितलं. कोणाचं ऐकू, असं त्यांनी विचारलं आहे.

भाऊ, ड्रिल मशीन आत्ता पेटीत ठेवा. तिन्ही सल्ले कुठल्या ना कुठल्या नावेला लागू पडतात, पण तुमच्या नावेला कुठला लागू पडतो हे अजून कोणी मोजलेलंच नाही.

मी भुसावळकडे फायबरचं काम करतो, बावीस वर्षं झाली. उन्हाळ्यात कूलरच्या बॉड्या, एरवी पाण्याच्या टाक्या, दारं आणि नावा. हतनूरच्या नावा येतात, प्रकाशा-सारंगखेड्याच्या बॅरेजवरच्या येतात, नवापूरकडे उकाईच्या फुगवट्यात चालणाऱ्याही येतात. ‘नावेत पाणी साचतं’ असं म्हणत आलेल्या माणसाला मी आधी एकच विचारतो: कुठलं पाणी? तुमच्या नावेत दोन पाणी आहेत. एक फरशीवरचं, ते दिसतं. दुसरं फरशीखालचं, ते दिसत नाही. तुमच्या लिहिण्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य म्हणजे ‘उपसून काढलं तरी मागून जड वाटते’. मला त्याचीच काळजी वाटते. फरशीवरच्या पाण्याने पाय भिजतात. फरशीखालचं पाणी नाव बुडवतं.

तरी आधी फरशीवरचं पाणी घेऊ, कारण भोकाचा प्रश्न त्यातूनच आला आहे.

पाण्याला आत-बाहेर कळत नाही, उंच-खोल कळतं. नावेतली फरशी बाहेरच्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंच असेल तर मागच्या भिंतीतल्या पाइपातून पावसाचं पाणी बाहेर जाईल. फरशी त्या पातळीच्या खाली असेल तर त्याच पाइपातून तलाव आत येईल. मोठ्या समुद्री होड्यांना फरशीजवळ बाहेर जाणारी भोकं असतात, ती बघून लोकांना वाटतं आपल्याही नावेला तसं करावं. पण त्या होड्यांची फरशी पाण्याच्या बऱ्याच वर असते. १४ फुटी नावेत तेवढी उंची मिळणं अवघड असतं.

माप घेणं सोपं आहे. वारा नसलेल्या सकाळी नाव पाण्यात घ्या आणि रोज जेवढा भार असतो तेवढा सगळा चढवा: माणसं, जाळी, इंजिन लावत असाल तर इंजिन, पेट्रोलचा डबा, मासे ठेवायचा खोका. माणसांना आपापल्या जागी बसवा. मग मागच्या भिंतीच्या वरच्या काठावरून टेप बाहेर सोडा आणि पाण्यापर्यंत किती अंतर आहे ते लिहा. त्याच जागी टेप आत सोडा आणि फरशीपर्यंत किती आहे ते लिहा. आतलं माप बाहेरच्या मापापेक्षा मोठं आलं तर फरशी पाण्याखाली आहे, पाइपचा विषय संपला. आतलं माप निदान चार बोटांनी कमी आलं तरच पुढे विचार करायचा. अगदी बरोबरीत आलं तर मी नाहीच म्हणतो, कारण एक माणूस मागे सरकला की मागची बाजू दोन-तीन बोटं खाली जातेच.

रिकाम्या नावेवर हे माप कधीच घेऊ नका. हे मी स्वतः चूक करून शिकलो. धंद्यात नवा होतो तेव्हा तापीवरच्या एका मासेमाराच्या नावेला मी मागे दोन पाइप बसवून दिले होते. मी आणि तो, दोघंच बसून पाहिलं. बादलीभर पाणी टाकलं, सरसर बाहेर गेलं. तोही खूश, मीही खूश. पुढच्या आठवड्यात चार जण, ओली जाळी आणि दीड-दोन क्रेट मासे घेऊन परत येताना त्याच पाइपांतून पाणी आत यायला लागलं. काठ जवळ होता म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी ते पाइप मी स्वतः काढले आणि भोकं बुजवली. पैसे घेतले नाहीत, घ्यायचा प्रश्नच नव्हता. त्या चौघांमध्ये एक पोरगा बारा-तेरा वर्षांचा होता, हे मला आजही आठवतं.

एका भोकातून किती पाणी येतं याचा अंदाज असू द्या. २५ मिलिमीटर व्यासाचं, म्हणजे इंचभर भोक पाण्याखाली १५ सेंटिमीटर असेल तर मिनिटाला साधारण ३० लिटर पाणी आत येतं. म्हणजे १५ लिटरच्या दोन बादल्या. एक माणूस न थांबता उपसत राहिला तरच बरोबरी होते, आणि तो उपसत असताना भोक कोण शोधणार?

मग फरशीच उचलून घ्यावी का, असा विचार येईल. काही लोक तसं करतात. पण फरशी वर गेली की माणसांचं वजनही वर जातं आणि नाव डुगडुगायला लागते. जाळं ओढताना माणूस एका अंगाला झुकतो, तेव्हा हे जाणवतं. पक्षी बघायला आलेले पाहुणे तर ‘तो बघा’ म्हणून एकदम उभे राहतात, आणि सगळे एकाच बाजूला. अशा नावेत मी फरशी एक इंचही उचलणार नाही. पाय ओले झालेले चालतील.

म्हणून लहान नावेसाठी माझं उत्तर ठरलेलं आहे. चालत्या नावेत पाणी हाताने किंवा पंपाने काढायचं. बूच लावलेलं एक भोक मागच्या भिंतीत अगदी तळाशी ठेवायचं, आणि ते फक्त नाव काठावर असताना उघडायचं. नाव काठावर ओढली, पुढचं तोंड उंच ठेवलं, बूच काढलं, की सगळं पाणी निघून जातं. पावसाळ्यात नाव काठावर अशीच उभी ठेवा, आत थेंब साचणार नाही.

हे भोक करताना दोन गोष्टी बिघडतात. पहिली म्हणजे मागच्या भिंतीच्या आतलं लाकूड. बहुतेक नावांत तिथे दोन्ही बाजूंनी फायबर आणि मध्ये प्लायवूड असतं. भोक पाडलं की प्लायवूडची कड उघडी पडते आणि पाणी शोषायला लागते. दोन-तीन पावसाळ्यांत ते आतून कुजतं, बाहेरून मात्र काही दिसत नाही. म्हणून भोक हवं त्यापेक्षा मोठं पाडायचं, कडेचं लाकूड पूर्ण कोरडं करायचं, रेझिनमध्ये, म्हणजे फायबर चिकटवायच्या द्रवात, फायबरचा चुरा मिसळून केलेल्या घट्ट लगद्याने ते सगळं भरायचं, आणि लगदा कडक झाला की त्याच्या मधोमध नेमक्या मापाचं भोक पाडायचं. म्हणजे बुचाभोवती लाकूड नाही, रेझिनचीच भिंत राहते.

दुसरी म्हणजे प्लास्टिकचा पाइप. आपल्या जळगाव जिल्ह्यात ठिबकचं सामान घरोघरी पडलेलं असतं, त्यामुळे केळीच्या बागेतला पीव्हीसीचा तुकडा किंवा ठिबकचं रबरी ग्रोमेट बसवून मोकळं होण्याचा मोह होतो. ठिबकच्या कामाला ते सामान उत्तम, पण पॉलिस्टर रेझिन पीव्हीसीला नीट धरत नाही. सुरुवातीला घट्ट वाटतं, मग आपल्या उन्हात दोन्ही वेगवेगळं फुगतं-आकसतं आणि केसाएवढी फट पडते. पाणी तिथून आत शिरतं आणि तुम्ही बुचाला दोष देत बसता. पितळेची आटे असलेली नळी आणि तिचं स्क्रूचं बूच घ्या. आपलं पाणी गोडं आहे, पितळ वर्षानुवर्षं टिकतं. रबरी बूच घेतलं तर दर उन्हाळ्यानंतर बदला. भुसावळच्या उन्हात ते कडक होऊन चिरतं. बूच दोरीने नावेलाच बांधून ठेवा आणि दुसरं एक बूच बसायच्या फळीखाली असू द्या. त्याच्या शेजारी एक जुन्या सुती धोतराचा तुकडाही ठेवा. बूच हरवलं तर त्याचा घट्ट बोळा भोकात ठोकून काठ गाठता येतो.

आता पहिला सल्ला, फरशीला भोकं पाडून पाणी खाली सोडायचं. हे कृपा करून करू नका. फरशीखालची बंद पोकळी तुमच्या नावेला तरंगतं ठेवते. फायबर स्वतः पाण्यापेक्षा जड असतं, साधारण दीडपट. लाकडी डोंगा पाण्याने भरला तरी वर राहतो, फायबरची नाव तशी राहत नाही. तिच्या पोटात हवा किंवा फोम कोंडलेला असेल तरच ती वर राहते. एक लिटर बंद जागा साधारण एक किलो भार उचलते. फरशीला भोकं पाडली की ही सगळी उचल तुम्ही स्वतःच्या हाताने पाण्याला देऊन टाकता.

आणि माझा अंदाज आहे की तुमच्या नावेच्या पोटात पाणी आधीच शिरलेलं आहे. खात्री अशी करा. नाव काठावर घ्या, पुढचं तोंड दोन-तीन फूट उंच ठेवा आणि एक रात्र तशीच राहू द्या, म्हणजे आतलं पाणी मागे सरकेल. सकाळी रबरी हातोडीने तळावर पुढून मागे ठोकत जा. कोरड्या जागी पोकळ आवाज येतो, पाणी असलेल्या जागी बद्द. मग फरशीच्या मागच्या कोपऱ्यात ६ मिलिमीटरचं एक भोक पाडा. लक्षात घ्या, फरशीला, तळाला नाही. ड्रिलच्या पात्याला टोकापासून दोन सेंटिमीटरवर टेप गुंडाळा, म्हणजे पातं खाली तळात घुसणार नाही. भोकातून तार सोडा. ओली आली की कळलंच.

पाणी निघालं तर त्या जागी पाच-सहा इंचांचं स्क्रूचं झाकण बसवून घ्या. हात आत जाईल, पाणी स्पंजने टिपता येईल आणि पुढे दर महिन्याला बघताही येईल. झाकणाला रबरी रिंग हवीच. हे आधीच्या भोकांपेक्षा वेगळं का, तर झाकण बंद असताना पोकळी पुन्हा बंदच राहते.

पोकळीत काय आहे यावर पुढचं अवलंबून आहे. नुसती हवा असेल तर काम सोपं. लांबीच्या रिबा, म्हणजे तळाला बळकटी देणाऱ्या पट्ट्या, असतील तर प्रत्येक कप्प्यात वेगळं पाणी अडकलेलं असू शकतं. रिबेच्या खालच्या अंगाला पाणी एका कप्प्यातून दुसऱ्यात सरकायला अर्धगोल वाट ठेवलेली असते, ती गाळाने बुजते किंवा मुळात केलेलीच नसते. तापी-पूर्णेचा गाळ किती बारीक असतो ते तुम्हाला सांगायला नको. फोम भरलेला असेल आणि तो पाणी प्यायलेला असेल, तर त्याला वाळवण्याच्या नादी लागू नका. तो मूठभर पिळून बघा. पाणी गळलं तर फरशी कापून सगळा बाहेर काढावा लागतो, दुसरा उपाय मला सापडलेला नाही. आणि त्याच्या जागी थर्माकोल भरून वर रेझिन ओतू नका. पॉलिस्टर रेझिन थर्माकोलला विरघळवून टाकतं. माझ्याकडे अशा नावा आल्या आहेत, ज्यांच्या पोटात थर्माकोलच्या जागी नुसता चिकट खळगा होता. त्यापेक्षा झाकण पक्कं बंद केलेले रिकामे प्लास्टिक कॅन ओळीने बांधून टाका. २० लिटरचा एक कॅन जवळजवळ २० किलो उचलतो, आणि एखादा फुटला तरी बाकीचे शाबूत राहतात.

पाणी आत कुठून आलं हे शोधल्याशिवाय काहीही बंद करू नका. नाव ठोकळ्यांवर ठेवा. तळ बाहेरून पुसून कोरडा करा आणि त्यावर खडूची पूड चोळा. मग झाकणातून पोकळीत चार-पाच बादल्या पाणी ओता, जास्त नाही, नाहीतर ठोकळ्यांवर वजन पडून तळ वाकेल. जिथे पांढऱ्या पुडीवर ओली रेघ उमटेल तिथे गळती. बहुतेक वेळा ती तीन जागी सापडते: काठावर ओढताना घासून झिजलेला मधला कणा, इंजिनाचे बोल्ट, आणि फरशी जिथे बाजूच्या भिंतीला मिळते तो सांधा. तिसरी जागा खडूने कळत नाही, कारण ती वर असते. पण तुमच्या बाबतीत माझा संशय तिच्यावरच जास्त आहे. पावसाचं घोटाभर पाणी फरशीवर रात्रभर उभं राहतं आणि त्या सांध्यातून खाली झिरपतं. म्हणजे तुमची दोन पाणी मुळात एकच असू शकतात. ते तपासायला पोकळी कोरडी करा, फरशीवर बादलीभर पाणी रात्रभर ठेवा आणि सकाळी झाकण उघडून बघा.

दुरुस्तीसाठी आपल्या भागात मे महिना चांगला. जलाशय उतरलेला असतो, नाव काठावर असते, हवा इतकी कोरडी की कोकणातल्या कारागिराला हेवा वाटावा. भिजलेलं फायबर वाळायला वेळ द्या, निदान दोन आठवडे. ओल्यावर लावलेली फायबरची मॅट पुढच्या वर्षी पापुद्र्यासारखी निघते. चिरेच्या भोवती जाडीच्या बारा पट रुंदीत उतार घासून काढा. तळ ५ मिलिमीटर असेल तर दोन्ही बाजूंना ६ सेंटिमीटर. मग अॅसिटोनने पुसा आणि मॅटचे थर लावा, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा थोडा मोठा. एवढं रुंद का घासायचं? नवं फायबर जुन्याला फक्त पकडून बसतं, त्यात मिसळत नाही, म्हणून पकडायला जागा भरपूर लागते.

पण त्याच मे महिन्यातलं ऊन रेझिनला सहन होत नाही. ४४-४५ अंशात नेहमीच्या प्रमाणात हार्डनर (रेझिन कडक करणारं रसायन) घातला तर मगातच रेझिन घट्ट होतं, गरम होऊन धूर सोडतं. काम सकाळी नऊच्या आत उरका, सावलीत करा, हार्डनर रेझिनच्या वजनाच्या १ टक्क्याच्या आसपास ठेवा आणि एका वेळी अर्ध्या किलोपेक्षा जास्त कालवू नका. आणि हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा: कोबाल्ट (रेझिन लवकर कडक व्हावं म्हणून घालतात ते द्रावण) आणि हार्डनर थेट एकमेकांत कधीही मिसळायचे नाहीत, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, हार्डनर शेवटी. दोन्हींच्या बाटल्या वेगळ्या कपाटात ठेवा.

पावसाचं पाणी आत येऊच न देणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे, आणि तोच कोणी करत नाही. तुमच्या नावेचं वरून उघडं क्षेत्र साधारण पाच चौरस मीटर धरू. रात्रीत ४० मिलिमीटर पाऊस पडला तर आत २०० लिटर पाणी, म्हणजे २०० किलो. तीन धडधाकट माणसं रात्रभर नावेत बसवून ठेवल्यासारखं. शिवाय माणूस एका जागी बसतो, पाणी बसत नाही. नाव ज्या अंगाला कलते त्याच अंगाला ते धावतं आणि तिला आणखी कलवतं. मधोमध लांबीत एक बांबू बांधा, त्यावरून ताडपत्री टाका, दोन्ही बाजूंनी ताणून काठाच्या बाहेरून खाली बांधा. घराच्या छपरासारखा उतार हवा. ताडपत्री सैल राहिली की तिच्यातच तळं साचतं आणि एका झटक्यात नावेत रिकामं होतं.

पावसाळ्यात नाव पाण्यातच ठेवायची वेळ आली तर दोरी लांब ठेवा. हतनूरला ४१ दरवाजे आहेत. वर तापी-पूर्णेच्या खोऱ्यात पाऊस झाला की आपल्याकडे ऊन असतानाही ते उघडतात आणि पातळी बघता बघता बदलते. आखूड दोरीने खुंटीला बांधलेली नाव अशा वेळी तोंडाने लटकते, मागची बाजू दबते, आणि मग थेंबभर पाऊस नसताना ती भरते. सकाळी मालक येऊन विचारतो, ‘काय व्हयनं भो?’

पंपाबद्दल थोडक्यात. १२ व्होल्टचा लहान बिल्ज पंप, म्हणजे नावेच्या तळाशी साचलेलं पाणी बाहेर फेकणारा पंप, उपयोगी आहे, जरूर घ्या, पण गळती दुरुस्त केल्यानंतर. आधी घेतला तर तो गळती लपवतो, आणि ज्या रात्री बॅटरी उतरते त्या रात्री नाव बुडते. खोक्यावर तासाला १९०० लिटर लिहिलं असेल तरी पाणी वर चढवताना तेवढं निघत नाही, बरंच कमी निघतं. पाइपाचं बाहेरचं तोंड भरलेल्या नावेच्या पाणपातळीच्या चांगलं वर ठेवा, नाहीतर पंप बंद झाल्यावर पाणी त्याच वाटेने उलटं आत येतं. बॅटरीजवळ फ्यूज लावा. आणि पंप असला तरी दोरी बांधलेली एक बादली नावेत असलीच पाहिजे.

एवढं करून झालं की मला तीन गोष्टी कळवा: भरलेल्या नावेत काठापासून बाहेर पाण्यापर्यंतचं माप, आत फरशीपर्यंतचं माप, आणि फरशीखाली काय निघालं. फोम निघाला आणि तो ओला असेल, तर फरशी कापायच्या आधी रिबा कुठे आहेत याचे फोटो पाठवा, म्हणजे कुठे कापायचं ते सांगता येईल. तोपर्यंत पाहुणे नेऊ नका. तुम्ही एकटे जाणार असाल तरी अंगात लाइफ जॅकेट घालून जा आणि काठाला धरून राहा.